जाळीतला रंग कोणाचा? ले रँसीच्या चर्चचा एक तपास

पॅरिसच्या पूर्वेला तेरा-चौदा किलोमीटरवर ले रँसी नावाचे उपनगर आहे. तिथल्या ‘नोत्र-दाम द ला कॉन्सोलासिओं’ या धर्मग्रामाच्या चर्चशिवाय विसाव्या शतकातल्या वास्तुकलेचा इतिहास सहसा पुरा होत नाही. गिलावा न करता उघड्या काँक्रीटमध्ये उभारलेले हे पहिल्या काही चर्चपैकी एक. पॅरिसचे ‘सेंत शापेल’ हे १२४८ साली पवित्र केलेले, भिंतींऐवजी जणू रंगीत काचांनीच बांधलेले प्रार्थनागृह आहे. ले रँसीच्या चर्चला ‘काँक्रीटचे सेंत शापेल’ म्हणतात ते त्यावरूनच. श्रेय देण्याची पद्धत सगळीकडे साधारण सारखी दिसते. वास्तुकार म्हणून ओग्यूस्त पेरे आणि त्याचा भाऊ ग्यूस्ताव्ह. काचचित्रे मोरीस दनी या प्रख्यात चित्रकाराची. आणि अखेरीस, जागा उरली तर, प्रत्यक्ष काचकाम मार्गरीत ह्यूरे हिचे.

या लेखाचा विषय ती शेवटची नोंद आहे. चर्चमध्ये पाऊल टाकताच माणसाला घेरून टाकतो तो रंग. तो रंग नेमका कोणी ठरवला, हे ‘चित्र दनीचे, काच ह्यूरेची’ एवढ्याने कळत नाही. उपलब्ध साक्षी एकेक करून तपासल्या तर उत्तराच्या बऱ्याच जवळ जाता येते, असे मला वाटते. कुठे खात्री संपते आणि कुठे अनुमान सुरू होते, ते वाटेत सांगत जाईन.

आधी जे वादातीत आहे ते मांडू. चर्चची कल्पना तिथल्या प्रमुख धर्मगुरूची, फेलिक्स नेग्र यांची. पायाभरणी एप्रिल १९२२ मधली आणि आशीर्वादविधी जून १९२३ मधला. म्हणजे छप्पन्न मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि चाळीस मीटरहून उंच मनोरा असलेली ही वास्तू जेमतेम तेरा महिन्यांत उभी राहिली. घाईचे एक कारण भावनिक होते. सप्टेंबर १९१४ मध्ये मार्नच्या लढाईत, विशेषतः ऊर्क नदीच्या काठी पडलेल्या सैनिकांचे हे स्मारक व्हायचे होते. पॅरिसच्या टॅक्सींमधून सैन्य आघाडीवर गेले ती प्रसिद्ध हकीगत याच परिसरातली. दुसरे कारण पैशाचे. १९०५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये धर्म आणि शासन वेगळे झाले आणि त्यानंतरच्या नव्या चर्चसाठी सरकारी तिजोरीची दारे बंद झाली. जे काही उभारायचे ते वर्गणीतून. कोरीव दगडी चर्च बांधण्याइतका पैसा नव्हता, म्हणून काँक्रीट. ‘आधुनिक’ होण्याची हौस हे पहिले कारण नव्हते, ही गोष्ट नोंदवून ठेवायला हवी.

या १९०५ च्या कायद्याचा इतिहासकारावरही परिणाम होतो. सरकारी बांधकाम असते तर अंदाजपत्रके, मंजुऱ्या आणि फेरफारांचे शेरे एकाच दप्तरात मिळाले असते. इथे तसे नाही. त्यात ले रँसी तेव्हा सेन-ए-ऑझ जिल्ह्यात आणि व्हर्सायच्या धर्मप्रांतात होते. १९६६ साली सँ-दनीचा नवा धर्मप्रांत झाला आणि १९६८ पासून तो जुना जिल्हाही नकाशावरून गेला. अशा घडामोडींत कागद विखुरतात. सुदैवाने एक मोठा संग्रह शाबूत आहे, तो म्हणजे पेरे बंधूंच्या कचेरीचे दप्तर. आज ते पॅरिसच्या वास्तुकला-अभिलेखागारात ५३५ एपी या क्रमांकाखाली जतन केलेले आहे. पण वास्तुकाराच्या दप्तरातून पाहिले की सगळे काही वास्तुकाराच्या टेबलावरून घडल्यासारखे दिसते. ही त्या साक्षीची मर्यादा आहे.

दप्तराइतकीच बोलकी साक्ष म्हणजे इमारत. आत २८ मोकळे खांब आहेत. उंची सुमारे अकरा मीटर, बुडाशी व्यास ४३ सेंटिमीटर, आणि माथ्याशी जाईपर्यंत ३५. खांबांवर उभ्या पन्हाळी आहेत. त्या कोरलेल्या नाहीत, साच्यातच बसवलेल्या पट्ट्यांनी उमटलेल्या आहेत, आणि तोच साचा पुन्हा पुन्हा वापरलेला आहे. मधल्या दालनावर लांबीच्या दिशेने एक उथळ कमानी छत आणि बाजूच्या दालनांवर आडवी छते. जाडी काही सेंटिमीटरच. असे पातळ छत पेरे बंधूंनी आधी कासाब्लांकाच्या गोदामांवर करून पाहिले होते, त्यामुळे ले रँसीच्या छताचा पूर्वज कोण हे सांगायला वेगळा कागद लागत नाही.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचे आहे ते खांबांचे स्थान. बाहेरच्या रांगेतले खांबही भिंतीत गाडलेले नाहीत, ते भिंतीपासून सुटे, आतल्या बाजूला उभे आहेत. छपराचा सगळा भार त्यांच्यावर. मग भिंतीला उचलायला काही उरतच नाही. ती केवळ पडदा होते, आणि पेरेने तो पडदा जमिनीजवळच्या पट्ट्यापासून छतापर्यंत जाळीचा केला. आपल्याकडे जाळीची खिडकी दगडात कोरतात. इथे काँक्रीटचे चौकोनी ठोकळे साच्यात ओतून, एकावर एक रचून भिंत केली. ठोकळ्यांच्या आत चौकोन, वर्तुळ, समभुज चौकोन, त्रिकोण, क्रूस असे मोजकेच आकार. प्रत्येक खणात ठोकळ्यांच्या मांडणीतूनच एक मोठा क्रूस उमटतो आणि प्रत्येक पोकळीत काच बसते.

ही जाळी कोणाची, यावर शंका घ्यायला मला जागा दिसत नाही. ती बांधकामाशी इतकी एकजीव आहे की ती वास्तुकाराचीच असणार, शिवाय तिला स्वतंत्र आधारही आहे. १९०७ मध्ये पेरेने पॅरिसच्या र्‍यू द पाँत्य या रस्त्यावर एक मोटारगॅरेज बांधले. १९७० मध्ये ते पाडले गेले, पण छायाचित्रे आहेत. दर्शनी भागाच्या मध्यभागी काँक्रीटच्या चौकटीत काचेची एक प्रचंड भौमितिक रचना होती, कॅथेड्रलच्या गोल गवाक्षाची आठवण करून देणारी. त्या वेळी ह्यूरे बारा वर्षांची होती, आणि मोटारी ठेवायच्या जागेत दनीला काही काम नव्हते. म्हणजे काँक्रीट आणि काचेची भूमिती ही पेरेची स्वतःची, जुनी आवड. इथवर खात्री. मात्र भूमिती म्हणजे रंग नव्हे. जाळी जशीच्या तशी ठेवून तीत पांढरी काच भरली असती तरी चर्च उभे राहिलेच असते, फक्त ते हे चर्च झाले नसते.

आता दनीकडे येऊ. पेरे आणि दनी यांचा संबंध ले रँसीच्या बराच आधीचा. १९१२ मध्ये पेरेने सँ-जेर्मँ-आँ-ले इथे दनीसाठी चित्रशाळा बांधली. १९१३ मध्ये उघडलेल्या शाँझेलिझे नाट्यगृहाची इमारत पेरे बंधूंची आणि घुमटातली चित्रे दनीची. श्रद्धावान कॅथोलिक असलेल्या दनीने १९१९ साली जोर्ज देव्हालिएर या चित्रकारासोबत धार्मिक कलेची कार्यशाळा सुरू केली. युद्धात उद्ध्वस्त झालेली शेकडो चर्च पुन्हा सजवायची होती आणि बाजारात मिळणाऱ्या साखरपाकातल्या मूर्तींचा या मंडळींना मनापासून तिटकारा होता. तेव्हा ले रँसीसाठी दनीचे नाव पुढे येणे स्वाभाविक होते, आणि त्याचा वाटाही स्पष्ट दिसतो. बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या क्रूसांच्या मध्यभागी आकृतिचित्रे आहेत, बहुतेक पवित्र मरियेच्या जीवनातले प्रसंग, आणि एका ठिकाणी मार्नच्या लढाईचे स्मरण. त्यांची रेखाटने दनीची आणि ती काचेत उतरवली ह्यूरेने. तिचे हे काम १९२३ च्या आशीर्वादविधीनंतरही काही काळ चालू राहिले असावे. तेरा महिन्यांत भिंती उभ्या राहतात, पण रंगवून, भाजून, शिशाच्या पट्ट्यांत जोडलेली चित्रे तितक्या लवकर होत नाहीत.

इथे थांबून भिंतीकडे पुन्हा पाहिले पाहिजे, कारण श्रेयाच्या त्या ठरीव पद्धतीत जे हरवते ते याच ठिकाणी. दनीची चित्रे भिंतीच्या किती भागावर आहेत? अगदी थोड्या. भिंत विशाल आणि चित्र तिच्या मध्यावरचा एक चौकोन. उरलेल्या सगळ्या पोकळ्यांत साध्या रंगीत काचा आहेत. त्यांत ना चेहरा, ना हात, ना प्रसंग. नुसता रंग, पण कसाही टाकलेला नव्हे. प्रत्येक खणाला आपला एक प्रमुख रंग आहे, शेजारच्या खणात तो बदलतो, आणि वेदीमागच्या अर्धगोल भिंतीत निळा सगळ्यांवर मात करतो. मोठे क्रूस ओळखू येतात तेही मुख्यतः रंगाच्या फरकामुळे, काँक्रीटची जाळी तर सगळीकडे तशीच असते. भाविकाला दुरून आधी रंग दिसतो, चित्र नंतर, पुष्कळ जवळ गेल्यावर.

म्हणजे काचकाम दोन वेगळ्या प्रकारचे आहे. एका प्रकारात चित्रकाराचे रेखाटन आहे आणि कारागीर ते काचेत आणतो. दुसऱ्या प्रकारात रेखाटनाला वावच नाही. आकार काँक्रीटने ठरवून दिलेले, आणि निर्णय एकच की या पोकळीत कोणती काच. असे हजारो निर्णय. ‘चित्र दनीचे, काच ह्यूरेची’ हे विधान पहिल्या प्रकाराला चोख लागू पडते. दुसऱ्याबद्दल ते गप्प आहे.

हे गप्प राहणे इतके दिवस कसे खपले, याचे एक कारण मला छायाचित्रांत दिसते. पेरेच्या कचेरीची कामे शेव्होजों या नामांकित छायाचित्रण संस्थेने टिपली आहेत. नियतकालिकांत आणि पुस्तकांत ले रँसी पोचले ते कृष्णधवल छायाचित्रांतून. लूव्हर संग्रहालयातल्या पोल जामोचे पेरे बंधूंवरचे पुस्तक १९२७ चे, आणि इंग्रजी वाचकांसमोर पेरेला नव्याने आणणारे पीटर कॉलिन्सचे काँक्रीटवरचे पुस्तक १९५९ चे. अशा छापील चित्रांत खांब अप्रतिम दिसतात. छताचा बाक दिसतो. जाळी नाजूक लेससारखी दिसते. रंग मात्र करड्या छटांत विरघळून जातो. ज्यांनी ही वास्तू फक्त पानांवर पाहिली त्यांच्यासाठी ती रंगहीन होती, आणि जगभरातले बहुतेक वाचक असेच होते. काँक्रीटचा इतिहास लिहिला गेला, काचेचा राहून गेला. हे माझे अनुमान आहे, पण दुबळे आहे असे मला वाटत नाही.

दुसरे कारण पेरेच्या कचेरीची घडण. फ्रान्समधल्या व्यावसायिक संकेतांनुसार वास्तुकाराने कंत्राटदार असू नये, अशी अपेक्षा होती. पेरे बंधू दोन्ही होते. वास्तुकलेची पेढी वेगळी, बांधकामाची वेगळी, पण माणसे तीच. नकाशा काढणारा आणि सळया बांधून घेणारा एकाच छपराखाली. यामुळे बांधकामात विलक्षण सुसूत्रता येत असे आणि त्याबरोबर श्रेयही एकाच नावाभोवती गोळा होत असे. या बाबतीत एक जुना वाद प्रसिद्ध आहे. शाँझेलिझे नाट्यगृहाचे काम आधी बेल्जियन वास्तुकार हेन्री व्हॅन द वेल्द याच्याकडे होते. पेरे बंधूंना १९११ मध्ये काँक्रीटच्या कामासाठी बोलावले गेले आणि पाहता पाहता नाट्यगृह त्यांचे झाले. १९१३ पासून ‘खरा कर्ता कोण’ यावर लेखी भांडणे झाली. पेरेने कोणाचे काम लाटले, असे मी म्हणत नाही. नाट्यगृहाचा सांगाडा त्याचाच आहे. पण व्हॅन द वेल्दकडे कैफियत मांडणारे मित्र होते, नियतकालिके होती. १९२२ मध्ये ह्यूरे सत्तावीस वर्षांची होती. तिच्या बाजूने तेव्हा कोणी लेखणी उचलल्याचा पुरावा माझ्यासमोर नाही.

म्हणून साक्षीदार दुसरीकडे शोधावा लागतो. एक दगडविटांचाच आहे. १९२९ मध्ये पेरेने पॅरिसलगतच्या बुलोन-बियांकूरमध्ये, र्‍यू द्यू बेल्व्हेदेर या रस्त्यावर ह्यूरेसाठी घर आणि कार्यशाळा बांधली. शेजारीच शिल्पकार डोरा गॉर्डिनचेही घर त्याने त्याच सुमारास बांधले. ले रँसीनंतर सहा वर्षांनी वास्तुकार आपल्या काचकारासाठी घर बांधतो. यावरून लगेच मोठा निष्कर्ष काढू नये, पैसे देणाऱ्या कोणासाठीही वास्तुकार घर बांधतोच. तरी दोघांचा संबंध एका कामापुरता नव्हता आणि तो बरोबरीच्या पातळीवर चालला होता, एवढे या घरावरून धरता येते. याच काळात तिने काच आणि काँक्रीट एकत्र आणणारी एक पोकळ वीट तयार केली, ती तिच्याच नावाने ओळखली जाते. जी व्यक्ती इतरांची चित्रे फक्त काचेत उतरवते, ती नवे बांधकाम-साहित्य शोधायला जात नाही. भिंत आणि प्रकाश यांचा प्रश्न तिने आपला स्वतःचा मानला होता.

आणखी एक धागा आहे. दनीच्या कार्यशाळेत १९१९ पासून पिएर कुतूरिए नावाचा एक तरुण होता. ले रँसीच्या काचकामाशी त्याचेही नाव जोडले जाते. १९२५ मध्ये तो डोमिनिकन संघात गेला आणि पुढे मारी-आलँ कुतूरिए या नावाने चर्चमध्ये आधुनिक कला आणण्याच्या चळवळीचा पुढारी झाला. आल्प्समधल्या आसीच्या पठारावरच्या चर्चमध्ये त्याने रुओ, लेजे, शागाल, मातीस अशा कलाकारांना एकत्र आणले. त्या चर्चच्या तळघरातल्या काचा ह्यूरेच्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या नावांचा झगमगाट मोठा, त्यामुळे तळघराकडे कमीच लोक वळतात. पण आपल्या तपासात याला वजन आहे. ले रँसीचा प्रयोग आतून पाहिलेला माणूस वीस-पंचवीस वर्षांनी निवड करतो, तेव्हाही ह्यूरेचे नाव यादीत असते.

सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार मात्र समुद्रकाठी उभा आहे. ५ आणि ६ सप्टेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांच्या बॉम्बफेकीत ल आव्र या बंदराचा मध्यभाग नष्ट झाला. पुनर्बांधणीचे काम पेरे आणि त्याच्या शिष्यांकडे आले. तेच शहर २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले सँ-जोझेफ हे धर्मग्रामाचे चर्च म्हणजे पेरेची अखेरची मोठी कृती. पायाभरणी १९५१ ची. पेरे २५ फेब्रुवारी १९५४ रोजी वारला (कुतूरिएही त्याच महिन्यात, ९ तारखेला) आणि १९५७ मध्ये रेमों ओदिजिए या सहकाऱ्याने काम पुरे केले. चौरस पायावर एक अष्टकोनी मनोरा, उंची १०७ मीटर, आतून तळापासून टोकापर्यंत पोकळ. वेदी बरोबर मनोऱ्याखाली. मनोऱ्याच्या भिंतीत काँक्रीटच्या पट्ट्यांमध्ये १२,७६८ रंगीत काचा, आणि काचकार मार्गरीत ह्यूरे.

या काचांत एकही आकृती नाही. मुख्य रंग सात, छटा पन्नासच्या आसपास. उत्तर आणि पूर्वेकडे थंड रंग, दक्षिण आणि पश्चिमेकडे उष्ण. खाली गडद, वर जाता जाता फिकट. सकाळचा प्रकाश आणि संध्याकाळचा प्रकाश यांत चर्चचे अंतरंग वेगळे व्हावे, अशीच ही आखणी. काचा तोंडाने फुंकून केलेल्या, सँ-झ्युस्त-स्युर-ल्वारच्या कारखान्यातल्या. त्यामुळे एकाच रंगाच्या दोन काचाही तंतोतंत सारख्या नाहीत.

आता ले रँसी आणि ल आव्र शेजारी ठेवा. एका टोकाला १९२३, दुसऱ्या टोकाला १९५७. भौमितिक काँक्रीटची चौकट दोन्हीकडे आहे. रंग खणानुसार किंवा दिशेनुसार बदलत नेण्याचे तत्त्व दोन्हीकडे आहे. आकृतिचित्रे फक्त ले रँसीत आहेत. माणसांचा हिशेब मांडला तर दनी १३ नोव्हेंबर १९४३ रोजी वारला होता, म्हणजे ल आव्रमध्ये तो नाही, आणि आकृतीही नाहीत. रंगाचे तत्त्व मात्र आहे, आधीपेक्षा अधिक परिपक्व. दनी गेल्यावर जे नाहीसे झाले ते दनीचे आणि जे टिकले ते त्याचे नव्हे, असा तर्क यातून उभा राहतो. दोन्ही ठिकाणी काचेला हात लावणारी व्यक्ती एकच होती.

या तर्कावर आक्षेप घेता येतात आणि ते मी टाळणार नाही. पहिला आक्षेप असा की दोन्हीकडे पेरेही आहे, मग रंगाचे तत्त्व त्याचेच का नसावे? याला थोडे उत्तर आहे. १९२६ मध्ये पॅरिसमधल्या जोन ऑफ आर्कच्या बॅसिलिकेसाठी पेरेने दोनशे मीटर उंच मनोऱ्याचा आराखडा दिला होता. स्पर्धेत तो हरला. ल आव्रचा मनोरा त्याच न बांधलेल्या मनोऱ्याचा वंशज मानतात, आणि रेखाटने शेजारी ठेवली की ते पटते. पेरे एखादी कल्पना पंचवीस वर्षे जपून ठेवत असे, हे यावरून दिसते. पण ती कल्पना सांगाड्याची आहे. पेरेने काँक्रीटच्या खडबडीत पृष्ठाबद्दल, भाराबद्दल, चौकटीबद्दल आयुष्यभर बोलून आणि लिहून ठेवले. काचेच्या छटांबद्दल अशी आस्था त्याच्या इमारतींत इतरत्र दिसत नाही. शिवाय १९५४ नंतरची तीन वर्षे तो हयात नव्हता.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. रंगाचे तत्त्व ह्यूरे ले रँसीत दनीकडून शिकली असेल आणि ल आव्रमध्ये तेच तिने पुढे नेले असेल. चित्र काहीही दाखवण्याआधी ठराविक क्रमाने रंगांनी भरलेले एक सपाट पृष्ठ असते, हा विचार दनीने विशी गाठण्याआधीच, १८९० मध्ये मांडला होता. ज्याने ते लिहिले तो खणाखणांतल्या रंगांबद्दल काहीच बोलला नसेल, असे मानणे भोळेपणाचे होईल. म्हणून ले रँसीपुरता माझा निष्कर्ष मर्यादित आहे. रंगाचा सर्वसाधारण विचार दनी आणि ह्यूरे यांच्या संभाषणातून आला असणे शक्य आहे. काचेकाचेची निवड, म्हणजे ज्या हजारो निर्णयांनी तो विचार प्रत्यक्षात उतरला ते निर्णय, ह्यूरेचे होते, याची शक्यता मला खूप मोठी वाटते. दनीचा १९२३ पूर्वीचा काचकामातला अनुभव आकृतिचित्रांचा होता. १९०० च्या सुमारास ल व्हेझिनेच्या चर्चमध्ये त्याने केलेले काम त्याची साक्ष देते.

या संदर्भात जपानमधली एक इमारत अनपेक्षितपणे मदतीला येते. चेक-अमेरिकन वास्तुकार अँटनिन रेमंडने तोक्योच्या महिला ख्रिस्ती विद्यापीठासाठी १९३०च्या दशकात प्रार्थनागृह बांधले. त्यात ले रँसीची उघड उघड पुनरावृत्ती आहे, मनोरा तोच, जाळी तीच. (हाच रेमंड त्या वर्षांत पुदुचेरीला अरविंद आश्रमाचे ‘गोलकोंड’ हे वसतिगृहही बांधत होता. भारतातल्या उघड्या काँक्रीटच्या सुरुवातीच्या इमारतींत त्याची गणना होते.) रेमंडने तोक्योला काय नेले आणि काय सोडले, ते पाहा. जाळीतल्या रंगीत काचा नेल्या, आकृतिचित्रे नेली नाहीत. ते विद्यापीठ प्रॉटेस्टंट असल्याने मरियेची चित्रे तिथे आलीच नसती, तेव्हा या साक्षीला पुरे वजन देता येत नाही. तरी त्या पिढीतल्या एका जाणकार डोळ्याने ले रँसीचा गाभा म्हणून जे उचलले ते काँक्रीट आणि त्यातला रंग होता, एवढे म्हणता येते.

शेवटी खुद्द ले रँसीच्या भिंतीकडे परत यावे लागते, कारण पुरावा म्हणून ती आता पूर्वीइतकी अस्सल राहिलेली नाही. चर्चला १९६६ मध्ये राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. पण १९२२ मध्ये काँक्रीटच्या टिकाऊपणाचे ज्ञान अपुरे होते. जाळीच्या बारीक पट्ट्यांत सळयांवर काँक्रीटचे आवरण कमी पडले, ओल शिरली, लोखंड गंजून फुगले आणि काँक्रीट फुटू लागले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी दुरुस्ती झाली आणि जाळीचे पुष्कळ ठोकळे नव्याने ओतावे लागले. काचा काढून पुन्हा बसवल्या गेल्या. त्यामुळे एखाद्या खणातली एखादी काच आज जिथे आहे तिथेच १९२० च्या दशकात होती, असे नुसते पाहून छातीठोकपणे सांगणे कठीण. खणांचे प्रमुख रंग आणि वेदीमागचा निळा यांवर भरवसा ठेवता येतो. त्याहून बारीक तर्क करताना दुरुस्तीच्या नोंदी हाताशी हव्यात.

हा तपास पुढे नेणाऱ्याला दोन संग्रह एकाच टेबलावर आणावे लागतील, पेरेच्या कचेरीचे ५३५ एपी दप्तर आणि बुलोन-बियांकूरच्या संग्रहालयातले ह्यूरेच्या कार्यशाळेचे कागद. पहिल्यात भिंतींचे आराखडे आहेत. त्यांतल्या पोकळ्यांत पेरेच्या कचेरीने रंगांच्या खुणा केलेल्या निघाल्या, तर इथे मांडलेले अनुमान मागे घ्यावे लागेल. आणि त्याच पोकळ्यांना क्रमांक देऊन छटांची निवड ह्यूरेच्या कागदांत लिहिलेली निघाली, तर ले रँसीच्या काचांपुढे पहिले नाव कोणाचे लिहायचे, हे नव्याने ठरवावे लागेल.